कारण न्याय्य असले, म्हणजे युद्ध न्याय्य ठरते का?

वाचकांचे प्रश्न

युद्ध नैतिकदृष्ट्या केव्हा समर्थनीय ठरते, या विषयावर प्रश्न पाठवावेत असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. ठाणे, डोंबिवली आणि नवी मुंबई परिसरातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. बहुतेक पत्रे विस्तृत होती. जागेअभावी त्यांचा आशय तेवढा ठेवला आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न: आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात १९७१ च्या बांगलादेश युद्धाचा विषय निघाला. ते युद्ध न्याय्य होते यावर जवळजवळ सर्वांचे एकमत होते, पण ते का न्याय्य होते हे सांगताना दोन तट पडले. काहींचे म्हणणे असे की, पीडितांची सुटका करायची होती, कारण चांगले होते, तेवढे पुरे. इतर म्हणाले की, युद्धात निरपराध माणसे मरतातच, त्यामुळे कोणतेही युद्ध न्याय्य असू शकत नाही. मी निवृत्त शिक्षिका आहे. वर्गात हे युद्ध अनेकदा शिकवूनही मला त्या दिवशी नेमके उत्तर देता आले नाही. हे ठरवायचे तरी कोणत्या कसोट्यांवर? (नौपाडा, ठाणे)

उत्तर: आपल्या संघातील दोन्ही मतांमागे प्रामाणिक भावना आहे, पण दोन्ही मते विचार अर्ध्यावर सोडतात. ‘कारण चांगले होते, तेवढे पुरे’ असे म्हटले की युद्ध सुरू झाल्यावर काय घडले याची चौकशी करायला जागाच उरत नाही. आणि ‘सगळीच युद्धे वाईट’ असे म्हटले की चाल करून येणारा आणि ती चाल झेलणारा एकाच पंक्तीत बसतात, जे झेलणाऱ्यावर उघड अन्याय करणारे आहे.

कसोट्यांची परंपरा जुनी आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने तीन अटी सांगितल्या: युद्ध पुकारणाऱ्याला तो अधिकार असावा, कारण न्याय्य असावे आणि हेतू शुद्ध असावा. पुढच्या विचारवंतांनी त्यांत भर घातली. युद्ध हा शेवटचा उपाय असावा, यशाची वाजवी शक्यता असावी आणि युद्धाने होणारी हानी ही त्याने टळणाऱ्या हानीपेक्षा मोठी नसावी. युद्ध चालू असताना कसे वागावे आणि ते संपल्यावर काय करावे, हे आणखी दोन स्वतंत्र भाग आहेत.

या सगळ्यांत ‘न्याय्य कारण’ ही अट मला सर्वांत कमी भरवशाची वाटते. ती आवश्यक आहे यात शंका नाही. पण ती आपल्या बाजूने पुरी झाली आहे, असे प्रत्येक पक्षाला प्रत्येक वेळी वाटत आलेले आहे. आपला बाप थोरला, म्हणून राज्य आपलेच, हे दुर्योधनालाही मनापासून पटलेले होते. त्यामुळे युद्धाची खरी पारख इतर अटींवर होते. उद्योगपर्वात पांडवांचा हक्क निर्विवाद असूनही युधिष्ठिर पाच गावांवर समाधान मानायला तयार होतो आणि कृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरास जातो. ती शिष्टाई सफल होईल अशी आशा कृष्णाला स्वतःलाही फारशी नव्हती. तरीही, समर्थ असून याने हा संहार टाळण्याचा प्रयत्न केला नाही असे पुढे कोणी म्हणू नये, हे कारण तो विदुराला सांगतो. म्हणजे, ज्याची बाजू खरी आहे त्याच्यावरही युद्ध टाळण्याचा प्रयत्न केल्याचे दाखवून देण्याची जबाबदारी आहे, ही जाणीव तिथे स्पष्ट आहे.

आता १९७१ कडे पाहू. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी सैन्याची कारवाई सुरू झाली आणि पुढील महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. कारण केवळ न्याय्य नव्हे, तर तातडीचे होते. तरी भारताने लगेच उघड युद्ध पुकारले नाही. त्यामागे पावसाळा आणि सैन्याची तयारी ही व्यावहारिक कारणे होती हे खरे. पण त्याच काळात सरकारने जगातील राजधान्यांना हा प्रश्न सांगितला, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधी स्वतः पश्चिमेकडील देशांत जाऊन आल्या. त्यातून पाकिस्तानवर पुरेसा दबाव आला नाही. ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी भारताच्या पश्चिमेकडील हवाई तळांवर हल्ले केले आणि युद्ध उघडपणे सुरू झाले. येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: पूर्व सीमेवर भारतीय तुकड्यांच्या चकमकी नोव्हेंबरच्या उत्तरार्धातच सुरू झाल्या होत्या. म्हणजे ३ डिसेंबरच्या हल्ल्यालाच दिलेले उत्तर, एवढीच या युद्धाची कहाणी नाही. मला त्यामुळे ते अन्याय्य वाटत नाही. पण विद्यार्थ्यांना शिकवताना हा भाग गाळू नये, असे मात्र वाटते.

जगाने तेव्हा भारताची बाजू घेतली नव्हती. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत शस्त्रसंधी आणि सैन्य माघारीच्या बाजूने १०४ मते पडली, विरोधात ११. केवळ बहुमतावर न्याय ठरवायचा झाला, तर १९७१ चे युद्ध अन्याय्य ठरेल. पण त्या ठरावाने एक कोटी निर्वासित घरी कसे परततील याचे उत्तर दिले नव्हते, आणि ज्या उपायाने मूळ अन्याय तसाच राहतो त्याला ‘पर्याय’ म्हणता येत नाही. ‘शेवटचा उपाय’ या अटीचा अर्थ, कल्पनेत असलेले सर्व उपाय संपवणे असा नाही. ज्यांतून खरोखर काही निष्पन्न होण्याची शक्यता होती ते उपाय प्रामाणिकपणे करून पाहणे, असा आहे.

या युद्धाच्या बाजूने मी सर्वांत अधिक वजन देतो ते त्याच्या शेवटाला. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि दुसऱ्याच दिवशी भारताने पश्चिम आघाडीवर एकतर्फी शस्त्रसंधी केली, तेही तिथे सैन्य वरचढ असताना आणि अजून पुढे जावे असे म्हणणारे लोक असताना. मार्च १९७२ पर्यंत भारतीय सैन्य बांगलादेशातून परत आले. सुमारे ९३,००० युद्धकैद्यांना जिनिव्हा करारांनुसार वागवून पुढे परत पाठवण्यात आले. मुक्त केलेल्या भूमीवर विजेता बसून राहिला असता, तर आधीच्या सगळ्या कारणांचा अर्थ बदलला असता. अपुरे राहिलेलेही काही आहे. ज्या १९५ पाकिस्तानी अधिकाऱ्यांवर बांगलादेश खटले चालवणार होता, त्यांना १९७४ च्या त्रिपक्षीय करारानंतर खटल्याविना सोडून दिले गेले. ज्यांची माणसे मारली गेली त्यांच्यासाठी न्याय तिथे अर्धवट राहिला. युद्ध न्याय्य असणे आणि युद्धानंतर न्याय होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पहिलीपेक्षा कठीण आहे.

संघातील दुसऱ्या मताबद्दल एवढेच म्हणेन. निरपराध माणसे मरतात, हा युद्धाविरुद्धचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. पण १९९४ मध्ये रवांडात सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली जात असताना, तिथे असलेले संयुक्त राष्ट्रांचे सैन्य वाढवण्याऐवजी कमी करण्यात आले. शस्त्र न उचलण्याचीही किंमत असते, आणि तीसुद्धा निरपराध माणसेच मोजतात.

प्रश्न: मी ठाणे कारागृहाजवळ राहतो. तो मूळचा पोर्तुगीजांचा किल्ला, आणि मराठ्यांनी तो जिंकला, एवढे लहानपणापासून ऐकत आलो आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेला आजच्या निकषांवर न्याय्य युद्ध म्हणता येईल का? की त्या काळाला हे निकष लावणेच चूक आहे? (ठाणे पश्चिम)

उत्तर: निकष लावावेत, मात्र त्या काळातील माणसांना जे ठाऊक होते त्याच्या प्रकाशात लावावेत. वसईचा प्रदेश पोर्तुगीजांकडे १५३४ पासून होता. देवळे पाडणे, सक्तीचे धर्मांतर आणि उघडपणे धार्मिक विधी करण्यावर बंदी, हे साष्टी आणि वसई परगण्यातील लोकांचे प्रत्यक्ष अनुभव होते. अंजूरच्या नाईकांनी पुण्याकडे दाद मागितली ती याच पार्श्वभूमीवर. जुलूम होत होता आणि ज्यांच्यावर होत होता त्यांनीच मदत मागितली होती, हे दोन्ही मुद्दे मोहिमेच्या बाजूने जातात. बाहेरून येऊन एखाद्याला ‘मुक्त’ करण्याआधी त्याला तशी मुक्ती हवी आहे का, हे पाहावे लागते. इथे तो प्रश्न सुटलेला होता.

हेतू मात्र एकच नव्हता. साष्टीचा महसूल, खाडीवरील नाकी आणि किनाऱ्यावरील सत्ता या गोष्टी पेशव्यांच्या हिशेबात नव्हत्या, असे मानणे भाबडेपणाचे होईल. म्हणून मोहीम अन्याय्य ठरते का? मला तसे वाटत नाही. राज्यांचे हेतू नेहमीच मिश्र असतात आणि निखळ शुद्ध हेतूची अट घातली, तर कोणत्याही पीडिताच्या मदतीला कोणीच जाऊ शकणार नाही. विचारायचे ते असे की, जे कारण पुढे केले त्याच्याशी प्रत्यक्ष वागणूक जुळत होती का. ठाण्याचा किल्ला बांधकाम पुरे होण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांच्या हाती आला. वसईचा वेढा मात्र फार रक्तरंजित झाला. सुरुंग उडवून तट फोडताना मराठ्यांची माणसेही मोठ्या संख्येने पडली. इतकी माणसे गमावलेल्या सैन्याला किल्ला हाती आल्यावर सूड घेण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. तरीही मे १७३९ मध्ये झालेल्या तहानुसार शरण आलेल्या शिबंदीला शस्त्रे, कुटुंबे आणि सामानासह सन्मानाने जाऊ दिले गेले. धर्मांतरित झालेली स्थानिक प्रजा तिथेच राहिली, आणि वसई व साष्टीतील ख्रिस्ती समाज आजही आपल्या शेजारी आहे. धार्मिक जुलमाविरुद्ध उभी राहिलेली मोहीम दुसऱ्या धर्माच्या प्रजेवर उलटली असती, तर तिचे कारण त्या दिवशीच संपले असते. या एका गोष्टीमुळे मी या मोहिमेला न्याय्यतेच्या बऱ्याच जवळ ठेवतो.

प्रश्न: शत्रू हल्ला करणार याची खात्री असेल, तर तो होण्याची वाट पाहत बसणे मूर्खपणाचे नाही का? (ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर: खात्री असेल तर आपले म्हणणे बरोबर आहे. सगळी अडचण ‘खात्री’ कशाला म्हणायचे याची आहे. १८३७ च्या डिसेंबरमध्ये कॅनडातील ब्रिटिश दलाने नायगारा नदीच्या अमेरिकी काठावर घुसून ‘कॅरोलाइन’ नावाची बोट पेटवून दिली, कारण ती बंडखोरांना रसद पुरवत होती. त्यावर झालेल्या पत्रव्यवहारात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टर यांनी जो दंडक मांडला तो आजही आधारभूत मानला जातो. त्याचा आशय असा, की धोका तत्काळ आणि पराकोटीचा असावा, दुसरे साधन निवडायला वाव नसावा आणि विचार करायला क्षणाचीही सवड नसावी. शत्रू आज दुबळा आहे, उद्या बळकट होईल, म्हणून आजच त्याला चेपावे, हा विचार या दंडकात बसत नाही. ते शत्रूला त्याने अद्याप न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा देणे आहे.

२००३ मध्ये इराकवर आक्रमण करताना महासंहारक शस्त्रास्त्रांच्या साठ्याचे कारण दिले गेले. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक तेव्हा इराकमध्ये तपासणी करत होते आणि त्यांनी आणखी वेळ मागितला होता. विचार करायला सवड होती. ती नाकारली गेली. पुढे असे साठे सापडले नाहीत. तपास चालू असताना उचललेले शस्त्र शेवटचा उपाय ठरत नाही, आणि साठे सापडले असते तरी माझे हे मत बदलले नसते.

प्रश्न: मी वाशीहून रोज लोकलने खाडीपूल ओलांडून मुंबईला जाते. युद्धात पूल पाडणे ही नेहमीची गोष्ट समजली जाते, असे वाचले. त्याच पुलावरून सैन्याचे सामानही जाऊ शकते आणि आमच्यासारखे हजारो प्रवासीही जातात. मग असा पूल पाडणे गुन्हा की युद्धाचा भाग? (वाशी, नवी मुंबई)

उत्तर: आपण योग्य बाजूने विचार केला आहे. लक्ष्य कोणते असावे याची चर्चा आपण नेहमी दुसऱ्याच्या पुलाबद्दल करतो. ती आपल्या पुलाबद्दल करून पाहिली की नियमांचा अर्थ लवकर कळतो.

युद्धाच्या कायद्यानुसार लष्करी कारवाईला प्रत्यक्ष हातभार लावणारी आणि जी नष्ट केल्याने निश्चित लष्करी लाभ होईल अशी वास्तू लक्ष्य ठरू शकते. सैन्य आणि दारूगोळा नेणारा पूल त्यात येतो. पण तेवढ्याने परवाना मिळत नाही. नागरिकांची संभाव्य हानी अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने अवाजवी नसावी, आणि ती कमी करण्यासाठी शक्य ती काळजी घेतली पाहिजे. पूल रात्री अडीच वाजता, गाड्या बंद असताना पाडणे आणि सकाळच्या गर्दीत पाडणे, यांत लष्करी लाभ जवळपास सारखाच आहे, नैतिक अंतर मात्र प्रचंड आहे.

हे नुसते कल्पनेतले उदाहरण नाही. १२ एप्रिल १९९९ रोजी कोसोव्हो युद्धात नाटोच्या विमानाने सर्बियातील ग्रदेलित्सा येथील रेल्वेपुलावर क्षेपणास्त्र डागले आणि नेमकी त्याच क्षणी प्रवासी गाडी पुलावर आली. वैमानिकांना गाडी दिसेपर्यंत पहिले क्षेपणास्त्र सुटलेले होते. त्यानंतर त्याच विमानातून पुलाच्या दुसऱ्या बाजूवर आणखी एक क्षेपणास्त्र डागले गेले, तेही गाडीला लागले. दहाहून अधिक प्रवासी मारले गेले. पुढे युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या अभियोक्त्यांनी नेमलेल्या समितीने हे प्रकरण तपासले. पूल हे वैध लक्ष्य होते आणि पहिले क्षेपणास्त्र ही दुर्घटना होती, असे समितीचे मत पडले. दुसऱ्याबाबत तो बेफिकीरपणा होता का, यावर सदस्यांत मतभेद राहिले. चौकशी सुरू करण्याची शिफारस झाली नाही. माझ्या मते दुसरे क्षेपणास्त्र सुटायला नको होते. कारण तोपर्यंत पुलावर माणसे आहेत हे माहीत झाले होते, आणि माहीत असून केलेल्या गोष्टीला ‘अनवधानाने’ म्हणता येत नाही. कोसोव्होतील अल्बानियन लोकांना वाचवणे हे या युद्धाचे कारण अनेकांना न्याय्य वाटले होते, मलाही वाटते. त्या कारणाने ग्रदेलित्साच्या गाडीचा हिशेब मात्र चुकता होत नाही.

आपल्या सैन्याने आपल्याच रयतेशी कसे वागावे, याचेही एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणागोटा जपून वापरा, तो संपला की शिपाई कुणब्यांचे धान्य, भाजी, लाकूड उचलू लागतील आणि मग ते कुणबी म्हणतील की मोगल आले त्याहूनही तुम्ही अधिक, अशी त्यात ताकीद आहे. त्याच पत्रात रात्री दिवे जळते ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात घेऊन जाईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाव्याची सूचना आहे. सैन्यामुळे होणारी हानी ही हेतू नसतानाही होऊ शकते, आणि ती आधीच ओळखून टाळणे हे सैन्याचेच काम आहे, ही समज त्या उंदराच्या आणि वातीच्या उल्लेखात आहे. ग्रदेलित्साला जी काळजी अपेक्षित होती, तीही याच जातीची.

प्रश्न: २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ जणांना मारले गेले, त्यांत आमच्या डोंबिवलीचे तिघे होते. शहरावर तेव्हा जी कळा आली होती ती मी विसरू शकत नाही. मे महिन्यात कारवाई सुरू झाली तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी एवढेच विचारले, की हे कुठवर जाणार आणि कुठे थांबायचे हे ठरले आहे का. त्यावर मला देशद्रोही म्हटले गेले. मी चुकलो का? (डोंबिवली)

उत्तर: नाही, आपण चुकला नाहीत. आपल्या शहरातील लोकांचा संताप मात्र समजून घ्यावा असे वाटते. फिरायला गेलेली माणसे कुटुंबीयांसमोर मारली गेली होती, आणि अशा वेळी प्रश्न विचारणारा आपल्या दुःखात सामील नाही असे लोकांना वाटू शकते.

तरीही एक गोष्ट पाहावी. ७ मे रोजी भारताने नऊ ठिकाणांवर हल्ले केले तेव्हा सरकारने स्वतःच कारणे दिली: लक्ष्य दहशतवाद्यांचे तळ आहेत, पाकिस्तानी लष्करी ठाणी नाहीत, आणि कारवाई मोजूनमापून, संघर्ष न वाढवणारी आहे. म्हणजे कारण, लक्ष्यांची निवड आणि प्रमाण या तिन्ही बाबतींत आपण उत्तरदायी आहोत, असे सरकारनेच जगासमोर मान्य केले होते. आपण विचारलेला प्रश्न त्याच तीन बाबींतला आहे. सरकार ज्या कसोट्यांवर आपली कृती परदेशांना समजावून सांगते, त्याच कसोट्या देशातील नागरिकाने वापरल्या तर त्यात द्रोह कसला? निःशस्त्र पर्यटकांची हत्या रोखण्यासाठी उत्तर देण्याचा अधिकार भारताला होता, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ७ मेपासून पूंछमध्ये सीमेपलीकडून झालेल्या तोफमाऱ्यात आपले सामान्य नागरिक मारले गेले, म्हणून ‘कुठवर’ हा प्रश्न सर्वांत आधी सीमेवरच्या लोकांचा होता. १० मे रोजी कारवाई थांबली. ती थांबणे पराभवाचे लक्षण आहे असे ज्यांना वाटले, त्यांनी युद्धाचे उद्दिष्ट काय होते हे स्वतःला पुन्हा विचारावे.

सैन्य कुठे हलते आहे, कोणती शस्त्रे कुठे आहेत, असे प्रश्न युद्धकाळात विचारू नयेत हे मान्य. उद्दिष्ट काय आणि मर्यादा कोणती, हा प्रश्न वेगळा आहे. तो युद्ध संपेपर्यंत राखून ठेवला, तर विचारण्याचा उपयोग राहत नाही.

प्रश्न: माझा मुलगा बारावीत आहे आणि एनडीएची तयारी करतो आहे. मला त्याचा अभिमान आहे, पण एक भीती मनातून जात नाही. सरकारने उद्या चुकीचे युद्ध पुकारले, तर त्यात लढणारा माझा मुलगा पापाचा धनी होईल का? आणि त्याला चुकीचा हुकूम मिळाला तर? (खारघर, नवी मुंबई)

उत्तर: ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे दिलासा देणारे आहे. युद्ध पुकारण्याचा निर्णय राजकीय नेतृत्वाचा असतो, आणि त्याची जबाबदारीही तिथेच राहते. न्यूरेंबर्गमध्ये १९४५-४६ साली आक्रमक युद्ध छेडल्याचा खटला जर्मनीच्या वरच्या नेतृत्वावर चालला, सामान्य सैनिकांवर नव्हे. काही विचारवंतांना ही विभागणी मान्य नाही. युद्ध उघडउघड अन्यायाचे असेल तर त्यात सामील होणाऱ्याकडेही काही दोष जातोच, असे ते म्हणतात, आणि मला त्यात तथ्य वाटते. पण विशीतील अधिकाऱ्याला सरकारी गुप्त अहवाल उपलब्ध नसतात, आणि प्रत्येक सैनिक आपल्यापुरता निर्णय घेऊ लागला तर सैन्य लोकनियुक्त सरकारच्या ताब्यात राहणार नाही. तो धोका लहान नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कडक आहे. युद्ध कोणी पुकारले याची जबाबदारी आपल्या मुलावर नसेल, पण युद्धात त्याने स्वतः काय केले याची संपूर्ण जबाबदारी त्याचीच असेल, आणि ‘वरून हुकूम होता’ हे उत्तर न्यूरेंबर्गपासून पुरेसे मानले जात नाही. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाय गावात अमेरिकी सैनिक निःशस्त्र गावकऱ्यांना मारत होते. वरून हेलिकॉप्टर नेणारे ह्यू थॉम्पसन तेव्हा पंचविशीच्या आत होते. त्यांनी हेलिकॉप्टर आपल्याच सैनिकांच्या आणि पळणाऱ्या गावकऱ्यांच्या मधे उतरवले, सैनिकांनी गावकऱ्यांवर गोळ्या झाडल्या तर त्यांच्यावर गोळीबार करा असे आपल्या सहकाऱ्यांना सांगितले, आणि लपलेल्या गावकऱ्यांना हवाई मार्गाने बाहेर काढले. परतल्यावर त्यांनी वरिष्ठांकडे तक्रार केली. मायदेशात अनेक वर्षे त्यांची हेटाळणी झाली. सैन्याने त्यांना पदक दिले ते १९९८ मध्ये, तीस वर्षांनी. त्या दिवशी त्यांच्याजवळ विचार करायला काही मिनिटेसुद्धा नव्हती. काय करायचे नाही, हे ज्याने आधी ठरवलेले असते, त्यालाच अशा वेळी ते सुचते.

म्हणून आपल्या मुलाशी याबद्दल आत्ताच बोलावे, निवड झाल्यावर नव्हे. १९४९ च्या चार जिनिव्हा करारांना भारताने १९५० मध्ये मान्यता दिली आणि त्यासाठी १९६० मध्ये स्वतंत्र कायदा केला. या चारही करारांतील तिसरा अनुच्छेद सारखाच आहे आणि तो एका पानात मावतो: जे लढत नाहीत, ज्यांनी शस्त्र खाली ठेवले आहे, जे जखमी किंवा आजारी आहेत, त्यांना मारू नये, त्यांचा छळ करू नये, त्यांना ओलीस धरू नये, त्यांची विटंबना करू नये, आणि जखमींना, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, उचलून आणून त्यांच्यावर उपचार करावेत. गणिताच्या आणि सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांबरोबर हे एक पान त्याच्या टेबलावर ठेवावे, आणि शक्य झाल्यास त्याच्यासोबत बसून वाचावे.